पाऊणकी

फाइलीत पाच कागद होते
आणि पाचांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

सर्वांत जुन्या नकाशावर, कापडाला डकवलेल्या,
बारीक निळ्या रेघांखाली लिहिलं होतं : खाजण.
त्यानंतरच्या उताऱ्यात : पोटखराब.
मग कुणीतरी पेन्सिलीने : मीठ?
प्रश्नचिन्हासकट ते पुढे टंकलं गेलं.
चौथा उपग्रहाचा फोटो. राखाडी. त्यावर बाण,
बाणाच्या शेपटाशी 'कोरडी जागा'.
पाचवा पंचनामा. चार पंच, पाच सह्या.

साहेब म्हणाले, देशमाने बाई,
पाणथळ आहे की नाही ते एका शब्दात कळवा.

आधी मी विचारत फिरले.
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, तिथे फक्त डास.
बिल्डरचा माणूस म्हणाला, मॅडम, मी चाललोय त्यावरून,
आणि बूट दाखवले. स्वच्छ होते.
शाळेतल्या मुलांनी प्रकल्पाची वही दिली :
गुलाबी खडूने काढलेला रोहित, पाय चुकून चार.
एका जाडजूड अहवालात सत्तर जातींचे पक्षी होते.
तेच सत्तर, त्याच क्रमाने, त्याच अशुद्ध लेखनासह
दुसऱ्या जिल्ह्यातल्या तळ्याच्या अहवालातही.

भांडुपच्या पूर्वेला, मिठागरांच्या मागे,
रस्ता संपून बांध सुरू होतो तिथे
चांगुणा वैती जाळ्याची गाठ दातांनी आवळत बसली होती.
मी पंचनामा वाचून दाखवला.
जमीन पूर्णतः कोरडी, भेगाळलेली. वेळ दुपारी बारा.
गाठ दातांतच ठेवून तिने विचारलं,
तिथ कंची होती?

तारीख होती. तिथी नव्हती.
शासनाला तिथी नसते.
मोबाइलवर महिने मागे सारत गेले,
अष्टमी निघाली.

ती हसली, म्हणून गाठ सुटली.
भांगाचं पानी गो ते. बांधापरत येतंय कुठं?
आठाची पाऊणकी काढ. सा.
साला भरती, तं बाराला सुकती.
म्हनाव साहेबाला, आवसेला ये.
पंधराची पाऊणकी, सव्वाअकरा.

पाऊणकी हा शब्द मी आजोबांनंतर
पहिल्यांदा ऐकला. ते कापडाच्या पेढीवर मुनीम होते.
त्यांनी ती वारांसाठी वापरली, पाण्यासाठी कधीच नाही.

अमावास्येला गेले. रजा टाकून.
दहाला भेगा होत्याच. पंचनामा खोटा नव्हता.
साडेदहाला एका भेगेत काहीतरी चकाकलं.
मग शेजारच्या.
मग भेगा मोजता येईनात
आणि निवट्या, डोळे टाळूवर घेऊन,
शेपटीच्या फटक्याने तिवरांच्या मुळांकडे पळाल्या.
पाण्यापासून पळणारा मासा
मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

सव्वाअकरा टळून गेले. पाणी चढतच होतं.
चांगुणा म्हणाली, खाडीत उशीर व्हतो थोडा,
पुलांखालून वाकून यावं लागतं त्याला.
अकरा चाळीसला ते माझ्या गुडघ्याला लागलं,
बाणाचं शेपूट होतं
बरोबर तिथे.

नमुन्यात 'माहितीचा स्रोत' हा रकाना सव्वा इंचाचा.
लिहिलं : स्थानिक महिला. खोडलं.
चांगुणा धर्मा वैती, लिहिलं,
आणि मग आठाची पाऊणकी, पंधराची पाऊणकी,
पुलांचा उशीर, निवट्यांची दिशा.
अक्षरं रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात शिरली,
तिथून समासात.
शेवटी पट्टी घेऊन
पाचही कागदांवर एक नवीन रकाना आखला : तिथी.
चार जागी तो रिकामाच राहिला.

फाइल परत आली, लाल शाईत :
हा रकाना कोणत्या नियमानुसार?

मी खाली लिहिलं,
फेरपाहणी करावी ही विनंती.
पुढची आवस, सकाळी सव्वाअकरा.
थोडं थांबावं लागेल.
बूट घालू नयेत.